गुप्ततेचे कवच आणि उत्तरदायित्वाचा अंकुश

राज्य केवळ शस्त्रांच्या बळावर टिकत नाही, ते माहितीच्या बळावरही टिकते. शत्रूच्या मनात काय चालले आहे, त्याची कुमक कोठे हलते आहे, त्याच्या कोषात किती शिल्लक आहे, हे ज्या राजाला आधी कळते त्याची निम्मी लढाई रणांगणावर उतरण्यापूर्वीच जिंकलेली असते. बहिर्जी नाईकांचे नाव महाराष्ट्र आजही आदराने घेतो ते यासाठीच. आर्य चाणक्यांनी तर ‘अर्थशास्त्रा’च्या पहिल्याच अधिकरणात गूढपुरुषांच्या नेमणुकीचा विस्ताराने विचार केला आहे. तेव्हा राष्ट्राला हेर हवेत की नकोत, हा वादाचा विषयच होऊ शकत नाही. वादाचा विषय निराळा आहे आणि तो अधिक अवघड आहे. हेरांनी आणलेल्या माहितीची पारख कोणी करायची? आणि हेराची नजर सीमेवरून वळून स्वतःच्याच नागरिकाच्या उंबरठ्यावर स्थिरावली, तर ती कोणी रोखायची?

चाणक्यांच्या व्यवस्थेत या प्रश्नाचा पूर्वार्ध सुटलेला होता. हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये, परस्परांपासून अलग असलेल्या तीन हेरांची वार्ता जुळली तरच ती विश्वसनीय मानावी आणि ज्यांची वार्ता वारंवार चुकते त्यांना दूर करावे, असे त्यांनी सांगितले. म्हणजेच हेरावरही नजर हवी, हे तत्त्व या भूमीला दोन सहस्र वर्षांपूर्वीच ठाऊक होते. मात्र त्या व्यवस्थेत अंतिम स्वामी राजा होता आणि प्रजेवर नजर ठेवणे हा त्याचा अधिकार मानला जात असे. लोकशाहीत चित्र पालटते. येथे स्वामी नागरिक आहे आणि हेर त्याचा सेवक. सेवकाने स्वामीवरच पाळत ठेवायची ठरविली, तर प्रश्नाचा उत्तरार्ध उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना एका बलाढ्य लोकशाही देशाने खाल्लेल्या ठेचा अभ्यासण्याजोग्या आहेत. तो देश म्हणजे अमेरिका. लष्करी गुप्तवार्ता विभागांवर शासनाची आणि संसदेची देखरेख कशी आली, ती का आणावी लागली आणि आणूनही ती किती टिकली, याचा हा इतिहास आहे.

या कथेची सुरुवात कोणा खलनायकापासून होत नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १९६७ च्या जुलै महिन्यात डेट्रॉईट शहर पेटले. पाच दिवसांच्या दंगलीत ४३ माणसे मृत्युमुखी पडली आणि शेवटी ८२ व्या व १०१ व्या हवाई डिव्हिजनचे सैनिक रस्त्यावर उतरवावे लागले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि शंभराहून अधिक शहरांत आगी लागल्या. दरम्यान, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातील मोर्चे थेट पेंटागॉनच्या दारापर्यंत येऊन थडकले होते. अनोळखी शहरात सैन्य पाठवायचे, तर सेनाधिकाऱ्यांना काही माहिती आधी हवी असते. रस्ते कोणते, रुग्णालये कोठे, जमाव कोणत्या भागात आहे, स्थानिक पोलिसांचे बळ किती, हे प्रश्न विचारण्यात काहीच गैर नव्हते. कोणत्याही जबाबदार सेनापतीने ते विचारलेच असते.

परंतु माहितीची भूक अन्नाच्या भुकेसारखी नसते. ती भागविल्याने शमत नाही, वाढते. अमेरिकी भूदलाच्या गुप्तवार्ता विभागाची कार्यालये देशभर आधीपासूनच पसरलेली होती. सैन्यात वा सैन्याच्या कामावर येणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणे हे त्यांचे नेहमीचे काम. तेथील साध्या वेशातील माणसांना आता नवे काम मिळाले. दंगल कोठे होऊ शकते येथून प्रश्न सुरू झाला, दंगल कोण घडवू शकतो येथे तो पोहोचला आणि तेथून निदर्शने कोण करतो, सभेत भाषण कोण देतो, वर्गणी कोण देतो इथवर घसरत गेला. त्या उतरणीवर थांबा असा कोठे नव्हताच. विद्यार्थी, धर्मगुरू, प्राध्यापक, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारे कार्यकर्ते, युद्धविरोधी माता यांची टिपणे तयार होऊ लागली. ती टेलिप्रिंटरवरून मेरीलँड राज्यातील बाल्टिमोरजवळच्या फोर्ट होलाबर्ड या तळावर येत आणि तेथे संगणकात साठविली जात. परचक्र रोखण्यासाठी ज्या सैन्याला शपथ दिली जाते, ते सैन्य स्वतःच्या देशातील शांततामय राजकीय जीवनाची बाडे बांधत बसले. कुंपणानेच शेत खाण्याचा हा प्रकार होता आणि आपण शेत खात आहोत याचे भानही कुंपणाला नव्हते.

ही गोष्ट बाहेर आणली ती कोणा विरोधी पक्षाने नव्हे, परक्या राष्ट्राच्या हेराने तर नव्हेच. ती आणली ख्रिस्तोफर पाइल नावाच्या सैन्यातील एका माजी कॅप्टनने. फोर्ट होलाबर्डच्या गुप्तवार्ता प्रशालेत ते अधिकाऱ्यांना शिकवीत असत. सैन्यातून बाहेर पडल्यावर जानेवारी १९७० च्या ‘वॉशिंग्टन मंथली’ या मासिकात त्यांनी लेख लिहिला. देशभरातील सुमारे ३०० कार्यालयांतून जवळजवळ एक हजार साध्या वेशातील लष्करी तपासनीस नागरिकांच्या राजकीय हालचाली टिपत आहेत, असे त्यांनी त्यात मांडले. पाठोपाठ शंभराहून अधिक माजी गुप्तवार्ता कर्मचाऱ्यांशी त्यांनी संपर्क साधला आणि आरोपाला पुराव्याचे बळ दिले. लष्कराने फोर्ट होलाबर्डचा माहितीसाठा नष्ट करण्याचे जाहीर केले. पण कागद एकदा जन्माला आला की त्याची पिल्ले होतात. त्या माहितीच्या प्रती अन्य ठिकाणी शिल्लक असल्याचे पुढे उघडकीस आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इलिनॉय राज्यातील दुसऱ्या एका माजी गुप्तहेराने सांगितले, की पाळतीखालच्या नागरिकांच्या यादीत त्या राज्याचे निवडून आलेले सिनेटर अॅडलाय स्टीव्हन्सन (तिसरे) यांचेही नाव होते.

आता प्रश्न संसदेच्या दारात आला. सिनेटच्या घटनात्मक हक्कांविषयीच्या उपसमितीचे अध्यक्ष होते उत्तर कॅरोलिनाचे सिनेटर सॅम एर्विन. त्यांची भूमिका मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. एर्विन हे दक्षिणेतील परंपराप्रिय राजकारणी. नागरी हक्कांच्या कायद्यांना त्यांनी सातत्याने विरोध केलेला. लष्कराने ज्यांच्यावर पाळत ठेवली त्यांतील कित्येकांची मते त्यांना मुळीच मान्य नव्हती. तरीही १९७१ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये त्यांनीच या प्रकरणाची जाहीर सुनावणी घेतली आणि संरक्षण खात्याला फैलावर घेतले. आपल्या विरोधकाच्या दारात उभा राहिलेला हेर उद्या आपल्याही दारात उभा राहील, हे ज्याला उमगते तोच खरा घटनाप्रेमी. पाळत विरोधकावर आहे म्हणून स्वस्थ बसणाऱ्याला स्वातंत्र्याची किंमत कळलेली नसते. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो.

सुनावणीला प्रारंभ होऊन आठवडाही लोटला नव्हता, तोच १ मार्च १९७१ रोजी संरक्षण खात्याने एक निर्देश काढला. संरक्षण खात्याशी संबंध नसलेल्या व्यक्ती आणि संघटनांची माहिती गोळा करण्यावर त्याने कडक मर्यादा घातल्या. चौकशीचा प्रकाश पडू लागताच जे वर्षानुवर्षे होत नव्हते ते काही दिवसांत झाले. देखरेखीचे सामर्थ्य कशात असते, याचा हा पहिला धडा. शिक्षेइतकाच, किंबहुना अधिक, धाक विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचा असतो.

ज्यांच्यावर पाळत ठेवली गेली त्यांतील काहींनी न्यायालयाचाही दरवाजा ठोठावला. ‘लेअर्ड विरुद्ध टाटम’ या नावाने हा खटला ओळखला जातो. जून १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने तो फेटाळला. पाळतीमुळे बोलण्याची भीती वाटते एवढे सांगून भागणार नाही, प्रत्यक्ष वा नजीकची हानी दाखविली पाहिजे, असे मुख्य न्यायमूर्ती बर्गर यांनी लिहिले. शासनाच्या कृतीवर सतत लक्ष ठेवणे हे न्यायालयाचे काम नव्हे, ते काँग्रेसचे आणि स्वतः कार्यपालिकेचे काम आहे, असेही त्या निकालाने सुचविले. न्यायमूर्ती डग्लस यांनी त्याविरुद्ध जोरदार मतपत्र लिहिले. बहुमतात असलेले न्यायमूर्ती रेनक्विस्ट हे पूर्वी न्याय खात्यात असताना याच विषयावर एर्विन समितीपुढे शासनाची बाजू मांडून आले होते. त्यांनी खटल्यातून दूर व्हायला हवे होते, अशी टीका झाली आणि ती निराधार नव्हती. निकाल पटो वा न पटो, त्यातून निघालेला अर्थ स्पष्ट होता. ज्याच्यावर गुप्तपणे पाळत ठेवली जाते त्याला ती कळतच नाही, मग तो हानी सिद्ध करणार कशी? म्हणूनच या रोगावर एकट्या न्यायालयाची मात्रा पुरेशी नाही. लोकप्रतिनिधींची कायमची नजर हवी.

ती नजर येण्यासाठी आणखी एक धक्का बसावा लागला. वॉटरगेट प्रकरणी अध्यक्ष निक्सन यांना पद सोडावे लागले. पुढे डिसेंबर १९७४ मध्ये पत्रकार सेमूर हर्श यांनी सीआयएच्या देशांतर्गत हेरगिरीची बातमी दिली. जानेवारी १९७५ मध्ये सिनेटने ८२ विरुद्ध ४ मतांनी एक विशेष समिती नेमली. आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च तिचे अध्यक्ष होते. सीआयए आणि एफबीआय यांच्याबरोबरच लष्करी गुप्तवार्ता विभागही या समितीच्या कक्षेत होते. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९७१ पर्यंत सुमारे एक लाख अमेरिकी नागरिकांच्या नावाने भूदलाच्या गुप्तवार्ता विभागाने टिपणे तयार केली, असा अंदाज समितीने नोंदविला. एक लाख! हे सर्व देशाचे शत्रू होते काय? तसे समजणे म्हणजे साप म्हणून भुई धोपटणे होय.

चर्च समितीने आणखी एक दालन उघडले. नॅशनल सिक्युरिटी एजन्सी, म्हणजे एनएसए, ही संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील संस्था १९५२ मध्ये स्थापन झाली. परकीय संदेश पकडणे आणि त्यांची उकल करणे हे तिचे काम. तिचा प्रमुख गणवेशातील सेनाधिकारी असे आणि तिचे अस्तित्वही कित्येक वर्षे उघडपणे मान्य केले जात नसे. ऑक्टोबर १९७५ मध्ये तिचे संचालक जनरल ल्यू अॅलन समितीपुढे जाहीर साक्षीला आले. एनएसएच्या संचालकाने अशी जाहीर साक्ष देण्याचा तो पहिलाच प्रसंग. ‘शॅमरॉक’ या सांकेतिक नावाच्या उपक्रमात, दुसरे महायुद्ध संपल्यापासून मे १९७५ पर्यंत, तार कंपन्या अमेरिकेतून परदेशी जाणाऱ्या तारा शासनाच्या हवाली करीत होत्या, हे उजेडात आले. शेवटच्या काही वर्षांत दरमहा सुमारे दीड लाख संदेश एनएसएचे विश्लेषक नजरेखालून घालीत असत. कोणत्याही न्यायालयाचा आदेश त्यामागे नव्हता. ‘मिनारेट’ नावाच्या दुसऱ्या उपक्रमात १९६७ ते १९७३ या काळात सुमारे १,२०० अमेरिकी नागरिकांची नावे लक्ष्य-यादीत घातली गेली होती.

नियतीचा खेळ पाहा. २०१३ मध्ये या यादीविषयीची काही कागदपत्रे खुली झाली. मार्टिन ल्यूथर किंग आणि मुष्टियोद्धा महंमद अली यांच्याबरोबरच सिनेटर फ्रँक चर्च यांचेही नाव त्यात निघाले. समितीतील दुसऱ्या पक्षाचे सदस्य हॉवर्ड बेकर यांचेही निघाले. ज्यांनी चौकशी केली तेच पाळतीखाली होते, आणि चौकशी करताना त्यांना ते ठाऊकही नव्हते. निरंकुश हेरयंत्रणा पक्ष पाहत नाही, निष्ठा पाहत नाही, पदही पाहत नाही. ती फक्त विस्तारत जाते.

चौकशी संपली तेव्हा अमेरिकेने केवळ दोषींची यादी करून समाधान मानले नाही, तिने व्यवस्था उभी केली. फेब्रुवारी १९७६ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी कार्यकारी आदेश काढून तीन सदस्यांचे गुप्तवार्ता देखरेख मंडळ नेमले. मे १९७६ मध्ये सिनेटची आणि जुलै १९७७ मध्ये प्रतिनिधिगृहाची कायमस्वरूपी गुप्तवार्ता समिती अस्तित्वात आली. १९७८ मध्ये कायदा झाला आणि परकीय हेरगिरीच्या संशयावरून देशात संभाषणे चोरून ऐकायची असतील, तर विशेष न्यायालयाची अनुज्ञा आवश्यक ठरली. १९८० च्या कायद्याने या दोन समित्यांना गुप्तवार्ता कार्याची पूर्ण माहिती वेळच्या वेळी देण्याचे बंधन घातले. डिसेंबर १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी काढलेला कार्यकारी आदेश क्रमांक १२३३३ आजही, सुधारित रूपात, या व्यवस्थेचा आधारस्तंभ आहे. रेगन यांना कोणी दुबळ्या संरक्षणनीतीचा पुरस्कर्ता म्हणणार नाही. त्यांनीही हा अंकुश झुगारून दिला नाही, त्याला नियमांत बसविले.

त्या आदेशाला अनुसरून संरक्षण खात्याने डिसेंबर १९८२ मध्ये जी नियमावली केली, ती लष्कराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. तिच्यात पंधरा प्रकरणे होती. नागरिकाची कोणती माहिती घेता येईल, किती काळ ठेवता येईल, कोणाला देता येईल, एखाद्या संघटनेत ओळख लपवून केव्हा शिरता येईल, हे सारे त्यांत बांधून दिले होते. पंधराव्या प्रकरणात संशयास्पद कृत्याची वार्ता वर कळविणे हे गुप्तवार्ता विभागातील प्रत्येकाचे कर्तव्य ठरविले. कनिष्ठ कर्मचाऱ्याने वरिष्ठाचा बेकायदा हुकूम नोंदवायचा आणि तसे केले म्हणून त्याच्यावर सूड उगवायचा नाही, हे त्यामागचे सूत्र. २०१६ मध्ये या नियमावलीतील मोठ्या भागाची जागा नव्या नियमावलीने घेतली. तत्त्व तेच राहिले. पाइल यांना जे सैन्य सोडल्यावर मासिकात लिहून करावे लागले, ते आता सैन्यात राहून, नियमाच्या चौकटीत करण्याची वाट खुली झाली. देशभक्त सैनिकाला अंतःकरण आणि आज्ञा यांच्या कात्रीत न सापडू देणारी ही तरतूद आहे. देखरेख ही सैनिकाविरुद्ध नसते, ती सैनिकासाठी असते, असे म्हणता येते ते याच अर्थाने.

मग सर्व काही सुरळीत झाले काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. १९८६ मध्ये इराण-काँट्रा प्रकरण उघड झाले आणि काँग्रेसला अंधारात ठेवून गुप्त कारवाया कशा चालविता येतात हे दिसले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर संरक्षण खात्याने लष्करी तळांवरील संभाव्य धोक्यांची नोंद ठेवणारी ‘टॅलन’ नावाची माहितीप्रणाली सुरू केली. हेतू पुन्हा रास्त होता. पण डिसेंबर २००५ मध्ये असे बाहेर आले, की फ्लोरिडातील एका क्वेकर सभागृहात जमलेल्या युद्धविरोधी मंडळींची बैठकही तिच्यात धोका म्हणून नोंदविली गेली होती. इतिहास पस्तीस वर्षांनी त्याच वळणावर आला. मात्र एक फरक होता. या वेळी नियम होते, समित्या होत्या, चौकशीचा रुळलेला मार्ग होता. सप्टेंबर २००७ मध्ये ‘टॅलन’ बंद झाले आणि ते चालविणारी संस्था २००८ मध्ये गुंडाळण्यात आली. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी एनएसएची कागदपत्रे उघड केली, तेव्हा देखरेख करणाऱ्या समित्याच यंत्रणेच्या आहारी गेल्या की काय, असा प्रश्न विचारला गेला. गुप्त कागद परस्पर पळविणे हा कोणत्याही राष्ट्राच्या दृष्टीने अपराधच आहे. परंतु त्यानंतर २०१५ मध्ये संसदेला दूरध्वनी नोंदींच्या सरसकट संकलनाला आळा घालणारा कायदा करावा लागला, हेही तितकेच खरे. अधिकृत दार बंद राहिले की माहिती खिडकीतून बाहेर पडते आणि खिडकीतून पडलेली माहिती शत्रूच्याही हाती लागते.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि राष्ट्राच्या सुरक्षेची खरी तळमळ असलेले लोकच तो घेतात, म्हणून त्याचा आदराने विचार झाला पाहिजे. हेरखात्याला प्रश्न विचारू लागलात तर त्याचे हात बांधले जातील, गुपिते फुटतील, असा तो आक्षेप. गुपिते फुटण्याचा धोका काल्पनिक नाही. पण देखरेख म्हणजे जाहीर सभेतील चर्चा नव्हे. या समित्यांचे बहुतेक कामकाज बंद दाराआड चालते. राहिला प्रश्न हात बांधण्याचा. त्याचे उत्तर आपल्या मित्रराष्ट्राच्या, इस्रायलच्या, इतिहासात आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरिया यांनी अचानक हल्ला केला, तेव्हा इस्रायलच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाकडे माहितीची वानवा नव्हती. अरब राष्ट्रे एवढ्यात हल्ला करणार नाहीत या गृहीतकाला तो विभाग चिकटून बसला आणि त्या गृहीतकाला आव्हान देणारे दुसरे कोणी नव्हते. अॅग्रानाट आयोगाने एप्रिल १९७४ मध्ये अंतरिम अहवाल दिला. गुप्तवार्ता प्रमुख एली झैरा यांना दूर करा, असे त्याने सुचविले. एवढ्यावर न थांबता, माहितीच्या मूल्यमापनाची एकाच विभागाची मक्तेदारी मोडा, असेही सांगितले. तीन हेरांची वार्ता जुळवून पाहावी, या चाणक्यनीतीचेच हे आधुनिक रूप. सात ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर त्याच विभागाच्या प्रमुखाला पुन्हा एकदा राजीनामा द्यावा लागला. परीक्षण एकदा करून भागत नाही, ते अखंड चालावे लागते, हाच त्याचा अर्थ.

म्हणजे देखरेखीला दोन बाजू आहेत. यंत्रणा नको तेथे पाहते आहे काय, ही एक आणि जेथे पाहायला हवे तेथे पाहते आहे काय, ही दुसरी. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. जी यंत्रणा स्वतःच्या देशातील सभा-संमेलनांची बाडे बांधण्यात गुंतते, तिचे डोळे सीमेवरून तेवढे हटलेले असतात. क्वेकर मंडळींच्या बैठकीची नोंद करणारा कर्मचारी त्या वेळात खऱ्या अतिरेक्याचा माग काढीत नसतो.

भारताला या दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. आणीबाणीच्या सुमारे एकवीस महिन्यांत शासनयंत्रणा स्वतःच्याच जनतेविरुद्ध कशी वापरली जाते, हे या देशाने सोसले आहे. या नियतकालिकाच्या वाचकांतील कित्येक घरांना ते दिवस सांगण्याची गरज नाही. १९७७ मध्ये शाह आयोग नेमला गेला. गुप्तवार्ता यंत्रणांच्या राजकीय वापराचा प्रश्न त्यातून पुढे आला आणि गुप्तचर विभाग व केंद्रीय अन्वेषण विभाग यांच्या कार्याचा विचार करण्यासाठी जनता शासनाने एल. पी. सिंह समितीही नेमली. तिचा अहवाल जनतेपुढे कधी आलाच नाही. अमेरिकेत १९७५ ची चौकशी कायम समित्यांपर्यंत गेली, भारतात १९७७ ची चौकशी कपाटापर्यंत गेली. दोन लोकशाही राष्ट्रे जवळजवळ एकाच वेळी एकाच प्रश्नाशी येऊन थांबली होती, पण पुढच्या वाटा वेगळ्या झाल्या.

दुसऱ्या बाजूचा अनुभव कारगिलचा. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. युद्धात विजय मिळाला असतानाही तत्कालीन वाजपेयी शासनाने गुप्तवार्तेतील त्रुटींची चिकित्सा होऊ दिली आणि तिचे निष्कर्ष, सुरक्षेसाठी वगळलेला भाग सोडून, देशापुढे ठेवले. ज्याला माहिती हवी आहे त्याला त्याच्या हक्काची सर्व माहिती मिळते की नाही, हे पाहणारी व्यवस्थाच नाही, असे समितीने स्पष्ट नोंदविले. त्यानंतर मंत्रिगटाने सुधारणा सुचविल्या. २००२ मध्ये तिन्ही दलांच्या माहितीची सांगड घालणारी संरक्षण गुप्तवार्ता संस्था आणि २००४ मध्ये तांत्रिक माहितीसाठी राष्ट्रीय तांत्रिक संशोधन संघटना उभी राहिली. जाहीर परीक्षणाने भारताचे बळ घटले नाही, वाढले.

तरीही मूळ रिकामी जागा तशीच आहे. १८८७ मध्ये स्थापन झालेला गुप्तचर विभाग आणि १९६८ मध्ये निघालेली ‘रॉ’ या दोन्ही संस्थांचे अधिकार आणि मर्यादा सांगणारा, संसदेने केलेला कायदा आजही नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेसाठी कायदा झाला, कारण तिला न्यायालयात उभे राहायचे होते. जे न्यायालयात उभे राहत नाहीत, त्यांच्यासाठी तो कोणाला सुचला नाही. २०११ मध्ये लोकसभेत एका सदस्याने खासगी विधेयक आणले, ते पुढे सरकले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार आढावा समित्या नेमल्या जातात, परंतु त्यांत शासनाचेच सचिव असतात. शासनाने दिलेल्या आदेशाचा आढावा शासनानेच घ्यायचा, असा हा घरचा हिशेब. आपली संसदीय पद्धती ज्या ब्रिटनकडून आली, त्या ब्रिटनने १९९४ मध्येच कायदा करून गुप्तवार्ता यंत्रणांवर संसद सदस्यांची समिती नेमली आणि २०१३ मध्ये तिचे अधिकार वाढविले. तेव्हा संसदीय पद्धतीत हे शक्य नाही, या म्हणण्यालाही आधार उरत नाही.

काय करता येईल? फार मोठ्या क्रांतीची आवश्यकता नाही. गुप्तवार्ता संस्थांना कायद्याचे अधिष्ठान द्यावे, म्हणजे त्यांच्या अधिकाऱ्यांनाही आपल्या कामाला कायद्याचे संरक्षण आहे हा दिलासा मिळेल. संसदेच्या दोन्ही सभागृहांतील मोजक्या, अनुभवी आणि गोपनीयतेची शपथ घेतलेल्या सदस्यांची समिती असावी. तिने चालू मोहिमांत हस्तक्षेप करू नये, धोरण, खर्च आणि मर्यादांचे पालन पाहावे. संस्थेच्या आतच तक्रार नोंदविण्याची सुरक्षित वाट असावी, म्हणजे प्रामाणिक अधिकाऱ्याला वृत्तपत्राची पायरी चढावी लागणार नाही. आणि लष्करी गुप्तवार्ता विभागांनी देशातील राजकीय जीवनापासून दूर राहावे, हा संकेत लेखी नियमात उतरावा. भारतीय सैन्याची राजकारणापासून अलिप्त राहण्याची परंपरा उज्ज्वल आहे. तिला नियमाचे कोंदण लाभले तर ती अधिकच झळाळेल.

सत्ता आपल्या विचारांची असताना असा अंकुश नकोसा वाटतो आणि सत्ता गेल्यावर त्याची आठवण येते, हा जगभरचा अनुभव आहे. म्हणूनच तो लावण्याची योग्य वेळ सत्ता हाती असतानाची असते. सत्ता येते आणि जाते, यंत्रणा मात्र राहते आणि ती ज्याच्या हाती जाईल त्याची होते. आज विश्वासाच्या माणसासाठी मोकळे ठेवलेले दार उद्या अविश्वासाच्या माणसालाही मोकळेच मिळते. राष्ट्राचे हेर सतर्क, सबळ आणि शत्रूच्या उरात धडकी भरविणारे असावेत, याविषयी दुमत नाही. ते आपल्याच माणसांच्या दारात अंधारात उभे राहणार नाहीत, ही खात्री व्यक्तींच्या भलेपणावर न सोडता संसदेने कायद्याने द्यावी, एवढेच मागणे आहे.